वेळापत्रक आखा, पण वाईट आठवड्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्याने लिहू लागलेल्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून मार्गदर्शन छापून येते. त्यात एक सल्ला हटकून असतो: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी बसा आणि ठरावीक शब्द लिहा. सल्ला खोटा नाही. पण तो वाचून उत्साहाने वही उघडणाऱ्या अनेकांची वही महिनाभरात पुन्हा कपाटात जाते आणि खापर फुटते ते आळसावर. चूक बहुधा आखणीतच असते. वेळापत्रक ठरवताना माणसाच्या डोळ्यांपुढे मोकळा आठवडा असतो, आणि तसा आठवडा वर्षातून मोजक्या वेळा उगवतो. एरवी मुलाला ताप येतो, कचेरीत हिशेबाची अखेर येते, पाहुणे येतात, नळ गळायला लागतो, कुणाला तरी दवाखान्यात न्यावे लागते. वेळापत्रक अशा आठवड्यातही टिकेल एवढेच लहान आखावे आणि बरा आठवडा मिळाला की त्यात भर घालावी, असे सुचवण्यासाठी हे पत्र आहे. ते कसे जमवायचे याचा तपशील पुढे देत आहे.

शिस्तीचा दाखला म्हणून अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे नाव नेहमी घेतले जाते. टपालखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे आहे. त्याच पुस्तकात आणखीही काही आहे, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. पहाटे उठवण्यासाठी त्यांनी एक नोकर ठेवला होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. नोकरीपायी सतत प्रवास असे, त्या काळात ते आगगाडीच्या डब्यात मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने लिहीत आणि त्याची स्वच्छ प्रत पत्नी करून देई. बैठकीचा पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवे पुस्तक हाती घेतले की ते आठवड्यांचे रकाने पाडलेली वही तयार करत. आठवड्याला सरासरी ४० पाने, पान २५० शब्दांचे. पण हा आकडा कधी २० पर्यंत खाली ठेवलेला असे, तर कधी ११२ पर्यंत चढे. म्हणजे ज्यांना आपण रोजच्या शिस्तीचे दैवत मानतो त्यांचा हिशेब आठवड्याचा होता, तो परिस्थितीप्रमाणे पाचपटींहून अधिक बदलत होता, आणि दिमतीला दोन माणसे होती. पंधरा मिनिटांत २५० शब्द हा आकडा उचलताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता कामाचे. वेळ ठरवण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद करावी, त्या काळात लिहिले नाही तरी चालेल. आपल्याला दिवसातले जे दोन-तीन तुकडे मोकळे वाटतात ते कागदावर मांडावेत, उदाहरणार्थ सकाळी ६ ते ६.३०, दुपारी २ ते २.३०, रात्री १० ते १०.३०, आणि त्या त्या वेळी प्रत्यक्षात काय चालले होते ते रोज एका ओळीत टिपावे. चौदा दिवसांत जो तुकडा निदान दहा वेळा खरोखर मोकळा राहिला, तो आपला. त्याच्या खालोखाल आलेला तुकडा राखीव. ही नोंद न करता वेळ निवडणारे हमखास पहाट निवडतात, कारण पहाटेला प्रतिष्ठा आहे. रात्री साडेअकराला झोपणाऱ्याने पाचचा गजर लावला की चार दिवस जमते आणि पाचव्या दिवसापासून झोपेची उसनवारी वसूल होऊ लागते. पहाट हवीच असेल तर आधी झोपायची वेळ अलीकडे आणावी, आठवड्याला पंधरा मिनिटे या बेताने.

मग वेग मोजावा. पंचवीस मिनिटांच्या तीन बैठका करून, मागे न जाता, न खोडता, कच्चा मजकूर लिहावा आणि प्रत्येक वेळचे शब्द मोजावेत. तीन आकड्यांतला मधला धरावा. सर्वांत मोठा धरण्याचा मोह होतो आणि वेळापत्रक तिथेच कोसळते. या मधल्या आकड्याचा तीन-चतुर्थांश हे आपले नेहमीचे लक्ष्य: २८० शब्द होत असतील तर २१०. हाताने लिहिणाऱ्यांनी एकदा दहा ओळींतले शब्द मोजून ओळीची सरासरी काढली की पुढे नुसत्या ओळी मोजून भागते. इंग्रजी मार्गदर्शनातले ५०० किंवा १००० शब्दांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. शिवाय देवनागरी टंकलेखनाचा हात बसलेला नसेल तर निम्मा वेळ जोडाक्षरांत जातो.

नेहमीच्या लक्ष्याच्या जोडीला दुसरा, अगदी लहान आकडा हवा: किमान. अंगात कणकण असताना, घरी चार माणसे जास्त असताना, रात्री अकरा वाजता उभ्या उभ्यासुद्धा जो पुरा करता येईल तो किमान. दहा मिनिटे, किंवा पन्नास शब्द, किंवा कालच्या शेवटच्या परिच्छेदानंतरचे एक वाक्य. यात दोन ठिकाणी गाडी अडते. पहिले म्हणजे चांगला आठवडा गेला की माणूस किमान वाढवतो, पन्नासचे दीडशे करतो, आणि पुढच्या आजारपणात तो किमान किमान राहतच नाही. नेहमीचे लक्ष्य दर दोन महिन्यांनी खुशाल वाढवा. किमानाला वर्षभर हात लावू नये. दुसरे म्हणजे थकबाकी. मंगळवार-बुधवार बुडाले म्हणून गुरुवारी तिप्पट लिहायचे ठरवले की गुरुवारही बुडतो, आणि रविवारपर्यंत हजारभर शब्दांचे कर्ज साठते. ते फेडण्यापेक्षा न बसणे सोपे वाटू लागते. बुडालेला दिवस त्याच रात्री खतावणीतून काढून टाकावा. आठवड्यात चार बैठका झाल्या की आठवडा पुरा धरावा. पाचवी, सहावी झाली तर ती वरकमाई, पुढच्या आठवड्यात वळती करून घ्यायची नाही.

रोज एकही दिवस न चुकता फुली मारत साखळी लांबवण्याची पद्धत अनेकांना आवडते. साखळी ३८ दिवसांची असेतो ती जोर देते आणि एकोणचाळिसाव्या दिवशी तुटली की तोच जोर उलटा बसतो. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे एक साधी सवय लावून घ्यायला सांगितली होती. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून अंदाजाने काढलेले). एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तिथल्या सवयी जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे अशा सोप्या होत्या. लेखन त्याहून अवघड, तेव्हा ६६ हा आकडा इथे लावता येणार नाही. पण एक दिवस चुकला म्हणजे सारे संपले, ही भीती काढून टाकायला तो अभ्यास पुरेसा आहे. एकवीस दिवसांत सवय लागते हे तर विसरूनच जावे.

आता प्रत्यक्ष व्यत्ययाकडे येऊ. वेळापत्रकाचे खरे नुकसान इथे होते. दाराशी कुणी येऊन उभे राहते, त्या कामाला सात मिनिटे लागतात, परत येऊन बसल्यावर मात्र पंधरा मिनिटे आपण कुठे होतो ते शोधण्यात जातात. अर्ध्या तासाच्या बैठकीत असे एकदा झाले की बैठक संपली. सात मिनिटे आपल्या हातात नसतात, पंधरा असतात. त्यांच्यासाठी टाचणाची सवय लावावी. उठण्यापूर्वी, जिथे मजकूर थांबला तिथेच, तीन तुटक ओळी लिहायच्या: आत्ता काय झाले, पुढे काय यायचे आहे, काय अडले आहे. वाक्य अर्धे राहिले तर राहू द्यावे, टाचण मात्र पुरे करावे. ‘पुढचा प्रसंग’ असे टाचण निरुपयोगी. ‘ती पत्र उघडते पण वाचत नाही, दिवे गेलेत हे आधी सांगायचे राहिले, भाऊ घरात आहे की नाही ते ठरवा’ हे उपयोगाचे. लेख असेल तर ‘तिसऱ्या मुद्द्यातला आकडा तपासायचा, मग विरोधी बाजू, शेवटाचे उदाहरण नाही’ एवढे पुरते. टाचण वेगळ्या वहीत ठेवू नये, ती वही सापडत नाही. मजकुरातच तीन फुल्या मारून ठेवावे, म्हणजे संगणकावर फुल्या शोधल्या की थेट जागेवर पोहोचता येते.

याचा फायदा फक्त लेखनाला होतो असेही नाही. सोफी लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन नेमके यावर आहे. अर्धवट काम सोडताना आपण कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचे हे मिनिटभरात लिहून ठेवले, तर मध्ये आलेल्या कामावर लक्ष जास्त चांगले लागते. म्हणजे मुलाचे गणित सोडवून देताना डोक्यात परिच्छेद घोळत राहत नाही. घरच्यांना ‘एक मिनिट थांब’ म्हणण्याचे हे सयुक्तिक कारण आहे, फक्त ते मिनिट खरोखर एक मिनिटाचेच असावे.

टाचण नियोजित शेवटालाही करावे. पंचवीस मिनिटांची बैठक असेल तर बाविसाव्या मिनिटाला थांबून. लेखणी भरधाव असताना थांबणे जिवावर येते. पण पुढचे वाक्य माहीत असताना उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी लगेच सुरू होतो. सगळे संपवून, आटल्यावर उठलेल्याला कोरे पान पाहत बसावे लागते.

लिहिता लिहिता आपणच आणलेले व्यत्यय वेगळे. एखादे साल आठवत नाही म्हणून फोन उचलला की सालाबरोबर बाकीचे जगही येते. बैठकीत काहीही शोधायचे नाही. साल, नाव, अंतर, जे अडेल तिथे फुल्या मारून पुढे जायचे आणि सगळ्या फुल्या एकदम, वेगळ्या वेळी भरायच्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. फोनवरच लिहीत असाल तर इंटरनेट बंद करून लिहावे.

ही ‘वेगळी वेळ’ म्हणजे दिवसातले विस्कटलेले तुकडे. लेखनातली सगळी कामे सारख्या एकाग्रतेची नसतात. कच्चा खर्डा आणि रचनेची मोडतोड यांना सलग वीस-पंचवीस मिनिटे लागतातच, ती रांगेत उभे राहून होत नाहीत. पण फुल्या भरणे, हस्तलिखित टंकित करणे, ऱ्हस्व-दीर्घ पाहणे, पात्रांची नावे आणि वये सगळीकडे सारखी आहेत का ते तपासणे, शीर्षकांचे पर्याय काढणे, मोठ्याने वाचून अडखळणारी वाक्ये खुणावणे, ही कामे पाच-पाच मिनिटांत आणि गोंगाटातही होतात. त्यांची यादी तयार ठेवावी आणि तुकडा हाती आला की वरचे एक काम उचलावे. चूक होते ती उलट्या वाटपात: शांत अर्धा तास मिळाला की माणूस शुद्धलेखन तपासत बसतो, कारण ते सोपे असते आणि काम केल्यासारखे वाटते.

प्रवासात बोलून लिहिण्याची सोय आता फोनवर आहे आणि ती मराठीत बरी चालते. मात्र विरामचिन्हे बहुधा पडत नाहीत, विशेषनामे आणि बोलीतले शब्द चुकतात, जोडून लिहायचे शब्द सुटे होतात. असा मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करावा. दोन दिवसांनी चुकीच्या शब्दाच्या जागी मूळ कोणता होता ते आपल्यालाच ओळखू येत नाही. जितकी मिनिटे बोललात, निदान तितकीच सफाईला धरावीत. आणखी एक, मजकूर युनिकोडमध्येच असू द्यावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर फोनवर उघडला तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, आणि मग तुकड्यांची कामे त्या एका संगणकापाशीच अडकून पडतात.

ठरलेली बैठकच हुकली तर काय, हे आधी लिहून ठेवावे. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ज्या ‘जर-तर’ आखणीचे महत्त्व मांडले, ती इथे चपखल बसते. ‘जमेल तेव्हा लिहीन’ याला काही अर्थ नाही. ‘दुपारची बैठक हुकली, तर रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर दिवा घालवण्याआधी तिथेच दहा मिनिटे किमान’ याला आहे, कारण निर्णय आधीच झालेला असतो आणि थकलेल्या माणसाला तो पुन्हा घ्यावा लागत नाही. असे तीन ‘तर’ पुरेत: बैठक हुकली तर, घरात कुणी आजारी पडले तर, प्रवास निघाला तर. दहा केले तर त्यांतला एकही वेळेवर आठवत नाही.

घरातल्या माणसांशी बोलण्याची गोष्ट मार्गदर्शनपर लेखांत एका वाक्यात उरकली जाते. खरे तर ती सर्वांत अवघड. लेखन छापून येईतो घराच्या लेखी ते काम नसते, बाईने केलेले तर नसतेच. ती टेबलाशी बसली म्हणजे मोकळी आहे, असाच हिशेब लावला जातो. ‘मला त्रास देऊ नका’ ही विनंती टिकत नाही, कारण तिला सुरुवात-शेवट नाही. मागणी मोजकी असावी: अमुक चार दिवस, साडेसहा ते सात, दार लोटलेले असेल, कुणी पडले, भाजले किंवा दूध उतू गेले तरच हाक मारायची, बाकी सगळे दारावरच्या कागदावर लिहायचे, सातला उठल्यावर पहिले ते पाहीन. मग सातला खरोखर उठावे आणि तो कागद पाहावा. ही शेवटची गोष्ट चुकली की पुढच्या वेळी कुणी कागदावर लिहीत नाही, दार ढकलतात. बदल्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तसाच अर्धा तास द्यावा. लहान मूल असलेल्या घरात तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, तेव्हा तिथे दुसरे मोठे माणूस हवे, नाहीतर मूल झोपल्यावरची वेळ. याला युक्ती नाही. ट्रॉलपना नोकर लागला तो उगीच नाही.

महिना-दोन महिन्यांचा खंड हे प्रकरण निराळे. बाळंतपण, शस्त्रक्रिया, बदली, घरातला मृत्यू. अशा वेळी किमानही बाजूला ठेवावे, त्यात कमीपणा नाही. खंड येतोय हे आधी दिसत असेल तर एक पानभर स्थितिपत्र करून ठेवावे: आतापर्यंत काय लिहून झाले, काय ठरले आहे आणि का, पात्रांची नावे आणि कालक्रम, कोणते प्रश्न सुटायचे आहेत, पहिल्या दिवशी काय करायचे. मोठे काम चालू असेल तर असे पत्र दर पंधरवड्याला अद्ययावत करावेच, कारण आजार सांगून येत नाही. परतताना पहिल्या पानापासून वाचत, सुधारत येणे टाळावे. कादंबऱ्यांची पहिली तीन प्रकरणे गुळगुळीत होतात आणि सातवे कधी लिहिलेच जात नाही ते यामुळे. स्थितिपत्र आणि शेवटची दोन पाने एवढेच वाचावे. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे शेवटचे पान नुसते उतरवून काढावे, नवे काही लिहू नये. उतरवताना आपल्याच वाक्यांची चाल हाताला परत सापडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किमान, आणि नेहमीच्या लक्ष्यावर यायला पुरा आठवडा द्यावा.

पुनर्लेखनाच्या टप्प्यावर शब्द मोजणे थांबवावे. तिथे चांगल्या दिवशी शब्द कमी होतात, आणि आकड्याची सवय जडलेला लेखक नकळत मजकूर फुगवू लागतो. तेव्हा मिनिटे मोजावीत किंवा पाने.

शेवटी एक मागणी आपल्याकडे. पुरवण्या आणि विशेषांक लेखांचे आवाहन छापतात, त्यातली मुदत पुष्कळदा आठ-दहा दिवसांची असते. वर सांगितलेल्या बेताने आठवड्याला चार बैठका आणि बैठकीला २१० शब्द धरले, तर १२०० शब्दांच्या लेखाच्या खर्ड्यालाच सहा बैठका, म्हणजे दीड आठवडा लागतो. खर्डा चार दिवस बाजूला ठेवणे, पुनर्लेखनाच्या दोन-तीन बैठका आणि शेवटची तपासणी धरली की तीन आठवडे होतात. आठ दिवसांची मुदत फक्त त्यांनाच पाळता येते ज्यांचा वेळ मोकळा आहे किंवा ज्यांच्याकडे जुना लेख तयार पडून आहे. मुदत निदान चार आठवड्यांची द्यावी, शब्दमर्यादा आवाहनातच छापावी आणि नकार असेल तर तो कळवण्याची तारीखही द्यावी, म्हणजे तो मजकूर दुसरीकडे पाठवता येईल.

आपली,
एक वाचक